कंपनी सरकारचा पट

खेळावरून माणसे भांडतात ती बहुधा खेळतानाच. डाव आवरला, सोंगट्या डब्यात गेल्या की भांडणही आवरते. पण गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात असा एक पट आला आहे की त्याचे खरे भांडण डाव संपल्यावर सुरू होते. असा खेळ खेळावा का, खेळला तर त्यातून काय घ्यावे, आणि मुळात तो कुणाच्या बाजूने रचला आहे, यावर माणसे तावातावाने बोलू लागतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. या भांडणात मला गप्प बसवेना, म्हणून हे टिपण.

खेळाचे नाव 'जॉन कंपनी'. ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडात बोलीभाषेत जॉन कंपनी म्हणत. आपल्याकडे तिलाच 'कंपनी सरकार' म्हणायचे. कोल वेर्ली नावाच्या अमेरिकन माणसाने हा पट रचला. पहिली आवृत्ती २०१७ ची, आणि बरीच सुधारलेली दुसरी २०२२ ची. माझा नातू पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या मित्रमंडळींत हा खेळ चालतो, आणि दिवाळीच्या सुटीत तो पेटाऱ्यासारखा खोका घेऊन चकलांब्याला आला तेव्हा मीही दोन डाव खेळलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जास्तीत जास्त सहा जणांना खेळता येते. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक इंग्रज घराणे. घरातली मुले-पुतणे कंपनीत चिकटवायचे. कुणाला कारकून म्हणून, कुणाला फौजेत अधिकारी म्हणून. पुढे वशिला लागला तर कुणी जहाजांचा प्रमुख होतो, कुणी मुंबई, मद्रास किंवा बंगाल इलाख्याचा अध्यक्ष, तर कुणी थेट लंडनच्या कचेरीत चेअरमन. हाती पद आले की कंपनीच्या तिजोरीतला पैसा खर्चून फासे टाकायचे. जितका खर्च जास्त तितके फासे जास्त, आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा धरायचा. एक-दोन आले तर काम फत्ते. तीन-चार आले तर फसले. पाच-सहा आले तर काम तर फसतेच, वर अधिकाऱ्याची नामुष्की होऊन पदही जाते.

जिंकायचे कसे, हा या खेळातला खरा मुद्दा आहे. हिंदुस्थान जिंकल्याचे बक्षीस इथे कुणाला नाही. तुमचा मुलगा नोकरीतून निवृत्त होऊन विलायतेला परतला आणि साठवलेल्या पैशातून त्याने मोठी इस्टेट घेतली, चांगली सोयरीक जुळवली, की तुमच्या घराण्याला गुण मिळतात. कंपनी कर्जात बुडाली तर डाव लवकर संपतो, पण तेव्हाही कुणीतरी जिंकतोच! आपल्या भागात सहकारी संस्था चालताना आणि बुडताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. संस्था आजारी आणि संचालक धष्टपुष्ट, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे.

आता मतभेद. पहिला आक्षेप लांबीचा. नियम समजून घ्यायला एक संध्याकाळ जाते आणि डाव चार-पाच तास चालतो. माझे एक जुने सहकारी, गणिताचे सर, तासाभरात उठले. "सर, एवढ्या वेळात दोन पेपर तपासून होतील," म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण लांबीला इथे कारण आहे. या खेळात माणसे एकमेकांना वचने देतात. आज माझ्या भाच्याला अध्यक्ष करा, उद्या तुमच्या जहाजाला काम देतो, असे. हे वचन पहिल्या तासाला दिले जाते आणि चौथ्या तासाला, अगदी नको त्या वेळी, समोर येते. तोवर दोघांचीही परिस्थिती पालटलेली असते. अर्ध्या तासाच्या खेळात वचन शिळे व्हायला वेळच मिळत नाही. आणि शिळ्या वचनांनीच तर राज्ये चालतात आणि पडतात.

दुसरा आक्षेप फाशांचा. एवढे डोके चालवून शेवटी नशिबावरच जायचे असेल तर बुद्धिबळ काय वाईट, असे नातवाच्या एका मित्राचे मत. मला हे पटत नाही. बुद्धिबळात राजाला सगळा पट दिसतो. लंडनच्या संचालकांना काय दिसत होते? जहाजाने पत्र यायला पाच-सहा महिने, उत्तर जायला तितकेच. हुकूम पोहोचेपर्यंत लढाई होऊन तहही झालेला असे. अशा कारभाराचा खेळ फाशांशिवाय रचला असता तर तो खोटा झाला असता.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यासाठीच हे सगळे लिहितो आहे. नातवाच्या गटात कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी आहे. दिवाळीच्या त्या डावात तीही होती. 'मराठे' असे नाव असलेल्या प्रांतावर चढाई करायची पाळी तिच्यावर आली. पटावर ती चाल फायद्याची होती. तिने फासे खाली ठेवले. म्हणाली, "आबा, लुटारूंच्या खुर्चीत बसून मी माझंच घर लुटायचं आणि वर त्याचे गुण मोजायचे? १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली. त्यांना या पटावर जागा कुठे आहे?" त्यावर नातू म्हणाला, "मी जिंकत होतो तेव्हा मला हिंदुस्थानाबद्दल काही राग नव्हता. मला फक्त माझ्या पोराला विलायतेत घर घ्यायचं होतं. तेच तर भयंकर आहे, आणि तेच कळावं म्हणून हा खेळ आहे."

दोघेही मनापासून बोलत होते. असा वाद जगभर चालू आहे. आफ्रिकेच्या वाटणीवरचा एक खेळ जीएमटी या अमेरिकन प्रकाशकाने २०१९ मध्ये अशाच टीकेनंतर काढण्याआधीच रद्द केला. 'जॉन कंपनी'च्या रचनाकाराला याची जाणीव दिसते. हा विषय सगळ्यांना रुचेल असे नाही, सर्वांची तयारी असेल तरच खेळा, अशी सूचना खेळाबरोबरच दिलेली आहे. पण सूचना दिली म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही.

आधी नातवाची बाजू घेतो. कारण वर्गात जे मी वर्षानुवर्षे शिकवले त्यातली एक उणीव हा पट भरून काढतो. आपल्या पुस्तकांत 'इंग्रज' नावाचा एकच माणूस असतो. तो धूर्त असतो, त्याने सगळे आधीच ठरवलेले असते, आणि आपल्यातली फूट पाहून तो घाला घालतो. परीक्षेत लिहायला हे सोपे जाते. पण कागदपत्रे काय सांगतात? १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला तो मुंबईकर इंग्रजांनी, आपल्या हिशोबाने. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो नामंजूर केला आणि कर्नल अप्टनला पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तोही नीट पाळला नाही. शेवटी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कोंडल्यावर मुंबईच्या फौजेला शरणागतीचा करार करावा लागला. एकच कंपनी, दोन कचेऱ्या, आणि एकीचे दुसरीला ठाऊक नाही! हा प्रकार मी फळ्यावर लिहून शिकवला तेव्हा मुलांनी वहीत उतरवला. पटावर मुंबईच्या अध्यक्षाने चेअरमनला न जुमानता पैसा उधळला आणि चेअरमन कपाळाला हात लावून बसला, तेव्हा तो पोरांना कळला.

दुसरे उदाहरण वेलस्लींचे. थोरला भाऊ रिचर्ड १७९८ पासून गव्हर्नर जनरल, धाकटा आर्थर फौजेत. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यातील असईला, आर्थरने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. आपण त्याला इंग्रजांचा विजय म्हणतो. लंडनच्या संचालकांना मात्र त्यात वाढत चाललेले कर्ज दिसत होते, आणि १८०५ मध्ये रिचर्ड साहेबांना परतावे लागले. घराण्याचे मात्र काही बिघडले नाही. आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. घराणे वर आणि कंपनी खाली, हे पटावरचे गणित इतिहासात जसेच्या तसे आहे. त्याआधी १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती आणि पुढच्या वर्षी तिला सरकारकडून चौदा लाख पौंडांचे कर्ज घ्यावे लागले. त्याच सुमारास बंगालमधून गब्बर होऊन परतलेले तिचे नोकर इंग्लंडात इस्टेटी घेत होते.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. तिने निजाम सरकारला भारी व्याजाने कर्जे दिली. तिचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको म्हणजे त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेली मुलगी. (हे हेस्टिंग्ज १८१३ ते १८२३ चे. वॉरन हेस्टिंग्ज वेगळे.) रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने या प्रकरणाविरुद्ध आवाज उठवला तेव्हा लाटसाहेब त्याच्यावरच नाराज झाले. एका सोयरिकीपायी केवढा कारभार! ही कर्जे फेडायची ती सरकारच्या महसुलातून, आणि महसूल म्हणजे रयतेच्या रानातले पीक. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कुणी गोऱ्या साहेबाने आमच्या भागाचे वाईट चिंतले होते असे नव्हे. त्याला आमचे नावही ठाऊक नव्हते. नातू म्हणतो ते 'भयंकर' हेच.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. त्या खुर्चीत बसवणे हे या खेळाचे पाप नाही, उलट तेच त्याचे सामर्थ्य आहे. दुष्ट माणसाचा राग करणे सोपे. आपल्या मुलाच्या भल्यासाठी धडपडणारा, वचने पाळणारा, जेवणाच्या टेबलावर सभ्य असलेला माणूस हजारो कोसांवरच्या मुलखाचा नाश कसा करतो, हे समजायला त्याच्या जागी तास-दोन तास बसावे लागते.

पण म्हणून त्या मुलीचा आक्षेप खोडून निघत नाही. पटावर हिंदुस्थानचे आठ भाग आहेत. त्यांत मराठे आहेत, हैदराबाद आहे, म्हैसूर आहे. प्रत्येकाची ताकद मनोऱ्याच्या उंचीने दाखवलेली. पाने उलटली की कुठे बंड होते, कुठे एक राज्य दुसऱ्यावर चालून जाते. पुढचे संकट कुठे येणार हे दाखवायला एक हत्ती या सीमेवरून त्या सीमेवर सरकत असतो. म्हणजे आपली माणसे इथे विचार करत नाहीत, निर्णय घेत नाहीत. पाऊस पडावा, वादळ व्हावे, तशी ती 'घडतात'. नाना फडणीस, महादजी, टिपू यांच्यासारखे डोके चालवणारे लोक हवामान होऊन बसले आहेत. लंडनच्या कचेरीतून तसेच दिसत असेल, हे खरे. पण तिथून जे दिसले नाही ते नव्हतेच, असा समज तरुण खेळाडूचा होऊ शकतो.

हे टाळता आले नसते का? आले असते. याच वेर्लींच्या 'पॅक्स पामीर' या खेळात खेळाडू अफगाण सरदार होतात, आणि इंग्रज व रशियन हे त्यांनी वापरून घ्यायचे परके. 'गांधी' नावाचा २०१९ चा आणखी एक खेळ आहे. त्यात एकीकडे इंग्रजी राज, तर दुसरीकडे काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक, अशा चारही बाजू खेळाडूंच्या हातात असतात. तेव्हा आपल्या बाजूने पट मांडता येतो. 'जॉन कंपनी'ने तो मांडला नाही, कारण त्याला कंपनीचे पोट चिरून दाखवायचे होते. एका खेळाने एकच गोष्ट नीट दाखवली तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र तेवढ्यावर त्याला 'हिंदुस्थानचा इतिहास' म्हणू लागलो तर दोष आपला.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी या वादात कुणीच बोलले नाही. पटावर आमचे गाव नाही, अशी तक्रार आपण करतो. आपल्या पुस्तकांत तरी ते आहे का?

आमच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. नदीला पूर होता, निजामाची अर्धी फौज पलीकडे गेलेली, आणि अलीकडे राहिलेल्यांना गाठून मराठ्यांनी मारले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. हे मी दरवर्षी छाती फुगवून शिकवत असे, आणि आजही त्या विजयाचा मला अभिमान आहे. पण ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे श्रावणाचे दिवस, रानात बाजरी उभी. हजारो घोडी, बैल, हत्ती त्या रानातून गेले असतील. त्या साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले-जाळले होते आणि मराठी फौजा निजामाच्या मुलखात फिरत होत्या. निजामाचा मुलूख म्हणजे कोण? आम्हीच! भाषा मराठी, देव पंढरीचा, आणि सत्ता निजामाची. त्या बाजरीचे काय झाले, हे कोणत्याही धड्यात नाही. पुण्याच्या पटावरही आम्ही एक सोंगटीच होतो.

धर्माजी प्रतापरावांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? १८१८ मध्ये त्यांनी बीड भागात निजामाविरुद्ध बंड केले. ते मोडायला निजामाची जी फौज आली तिच्यावर इंग्रज अधिकारी होता. पेशवाई संपली ते हेच साल. पुस्तकात १८१८ म्हटले की शनिवारवाडा आठवतो, बीड आठवत नाही. इंग्रज रचनाकाराला किंवा अमेरिकन रचनाकाराला बोल लावताना ही आपली विस्मृतीही मोजायला हवी.

मग करावे काय? खेळ फेकून द्यावा असे मला वाटत नाही. तो जसा आहे तसा मुकाट खेळावा असेही नाही. आम्ही दुसऱ्या डावाला एक नियम स्वतःचा घातला. एखाद्या प्रांतावर चढाई झाली किंवा तिथे बंड झाले की डाव थांबवायचा आणि कुणीतरी त्या जागेचे, त्या काळाचे खरे असे दोन-चार शब्द सांगायचे. सांगता आले नाही तर चाल तशीच राहील, पण ते 'सांगता आले नाही' असे सगळ्यांसमोर म्हणायचे. डाव तासाभराने लांबला. म्हैसूरला टिपू निघाला, बंगालला दुष्काळ निघाला. हैदराबादला बंडाचे पान आले तेव्हा पोरे एकमेकांकडे पाहू लागली. त्यांतली दोघे बीड जिल्ह्यातलीच. तेव्हा मी धर्माजींची हकीकत सांगितली. ती कायद्याची विद्यार्थिनी शेवटपर्यंत खेळली. तिचे मत बदलले नाही, आणि ते बदलावे असा माझा आग्रहही नव्हता. जाताना मात्र तिने विचारले, "आबा, हे सगळं आम्हाला शाळेत का नव्हतं?"

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या खोक्यात नाही. ते आपल्याच जुन्या दप्तरांत, तहसिलीच्या आणि घराण्यांच्या कागदांत, गावच्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यात आहे. ती माणसे झपाट्याने कमी होत आहेत. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, झेंडा वंदन करतो, भाषणे ऐकतो. १९४८ च्या आधीचे आपल्या गावचे दिवस पाहिलेले माणूस आता क्वचितच सापडते. एखाद्या तरुणाला पटावरची ही रिकामी जागा टोचली, तर त्याने नवा पट जरूर रचावा. त्यात खेळाडू पाटील असेल, कुळकर्णी असेल, बलुतेदार असेल, बाजरी राखणारी बाई असेल. आणि पेशवे, निजाम, कंपनी हे तिघेही वादळवाऱ्यासारखे येऊन जातील. फासे आम्हीच टाकू.

तो पट येईल तेव्हा येईल. तोवर हा खेळावा, डोळे उघडे ठेवून, आणि डाव आवरल्यावर भांडावेही. लुटणारा कसा विचार करतो हे कळले पाहिजे, आणि लुटले कोण गेले त्याचे नावही ठाऊक पाहिजे. पहिले काम परक्या माणसाने बऱ्यापैकी करून दिले आहे. दुसरे आपल्यालाच करायचे आहे. असो.